दहा दिवसांचं वाक्य

मी एक जुनं पान आहे. कागदाचं नाही, मित्रांनो, संकेतस्थळावरचं. मला वाळवी लागत नाही, माझे कोपरे दुमडत नाहीत, म्हणून मी म्हातारा झालो हे कुणाच्या लक्षात येत नाही. नांदेडच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या संकेतस्थळावर मी आठ वर्षांपासून आहे. फोनवर ‘कुत्रं चावलं’ असं लिहून शोधलं, की आमच्या भागातल्या माणसांना आधी मी दिसतो. मला निवांत बसून कुणी वाचत नाही. एका हाताने जखम दाबून दुसऱ्या हातात फोन धरलेली माणसं मला वाचतात. त्यांना मी काय सांगितलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे. ऐकून तुम्हाला माझा राग येईल. येऊ द्या.

मला लिहिलं विशाखा सोनकांबळे या परिचारिकेने. आमच्या दवाखान्याचं एक उपकेंद्र अहमदपूरला आहे, एसटी स्टँडपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. तिथल्या इंजेक्शनच्या खोलीत विशाखाताई काम करायच्या. त्यांचे वडील देवणीकडच्या एका गावात पोस्टमन होते. गावात कुणाला सरकारी पत्र आलं, की ते आधी जसंच्या तसं वाचून दाखवायचे आणि मग तेच पुन्हा साध्या बोलीत सांगायचे. लहानपणी त्यांच्या सायकलवर मागे बसून फिरताना विशाखाताईंनी पाहिलं होतं, की पहिल्या वाचनाला माणसं नुसती मान हलवतात आणि दुसऱ्या सांगण्याला त्यांचे चेहरे बदलतात.

उपकेंद्रात कुत्रं चावलेली माणसं रोज यायची. कुणी जखमेत तिखट भरून यायचं, कुणी चुना थापून, कुणी आठ दिवस वाट पाहून. उशीर का केला असं विचारलं, की ती म्हणायची, आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई. त्याच सुमारास नांदेडच्या कार्यालयात संगणकावर बसणाऱ्या रविकांतने दवाखान्याचं संकेतस्थळ उभं केलं होतं. त्यावर घालायला काही माहिती द्या, असं त्याने सगळ्या विभागांना कळवलं. उत्तर एकट्या विशाखाताईंचं आलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला प्रशिक्षणाच्या पुस्तकातून उतरवून घेतलं. ‘श्वानदंश झाल्यास व्रण त्वरित स्वच्छ करावा.’ तो कागद त्यांनी उपकेंद्रात फरशी पुसणाऱ्या भीमाबाईंना वाचायला दिला. भीमाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी ‘श्वान’पाशी बोट ठेवलं आणि हे कोण, असं विचारलं. मग ‘व्रण’पाशी बोट थांबलं. विशाखाताईंनी दोन्ही शब्द खोडले आणि वर ‘कुत्रं’ आणि ‘जखम’ लिहिलं.

त्यानंतर पंधरा दिवस मी बाकावर बसलेल्या माणसांच्या हातातून फिरत होतो. विशाखाताई इंजेक्शन भरता भरता वाचणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायच्या. डोळे जिथे मागे फिरले, तिथे लाल पेनाने ठिपका. समजलं का, असं त्या कधीच विचारत नसत. तसं विचारलं की माणूस ‘हाव’ म्हणतो, त्याला समजलेलं असो वा नसो. त्या विचारायच्या, आता घरी जाऊन काय करशील ते मला सांग. उत्तर चुकलं, की त्या माणसाला काही बोलायच्या नाहीत. वाक्य बदलायच्या.

असं करत करत मी तयार झालो. मी एवढासाच होतो:

‘कुत्रं चावलं? घाबरू नका, पण थांबूही नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद, तेल, काही लावू नका. आजच दवाखान्यात या. कुत्र्याचं पुढं काय होतं ते बघत बसू नका. सांगितलेली सगळी इंजेक्शनं घ्या, मधेच सोडू नका.’

खाली फोन नंबर होता. त्यावर बोट ठेवलं की थेट उपकेंद्रात घंटी वाजायची. रविकांतला माझ्या डोक्यावर दात विचकणाऱ्या कुत्र्याचं चित्र हवं होतं. विशाखाताई नको म्हणाल्या. शिवारात नेटवर्कची एकच काडी असते, चित्र उतरेपर्यंत शब्द अडकून बसतात आणि वाचणारा कंटाळून फोन खिशात टाकतो, असं त्यांनी त्याला समजावलं. रविकांतने ऐकलं.

ती चार वर्षं माझी सुखाची होती. मी क्षणात उघडायचो. माणसं मला चालता चालता वाचायची आणि बंद करायची. सरासरी चाळीस सेकंद, असं रविकांतच्या संगणकावर दिसायचं. मग ती माणसं उपकेंद्राच्या पायऱ्या चढायची. जखम धुतलेली असायची, त्यात काही भरलेलं नसायचं. कुणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणायची, फोनवर होतं. विशाखाताई मग नुसतं ‘बरं’ म्हणून सुई काढायच्या. उमरीच्या एका शिक्षिकेने मला शाळेच्या फळ्यावर उतरवून काढलं आणि पोरांना घरी जाऊन सांगायला लावलं. माझ्यावर विशाखाताईंचं नाव कुठेही नव्हतं. त्यांनी ते मागितलंही नाही.

मग संस्थेच्या सचिवपदी व्यंकटराव आले. मित्रांनो, ते वाईट माणूस नव्हते. पेशंटच्या नातेवाइकांना बसायला सावली नाही म्हणून त्यांनी उभं राहून शेड बांधून घेतलं होतं. पण दवाखाना मोठा दिसावा याची त्यांना फार हौस. एकदा कुठल्याशा शहरातल्या दवाखान्याचं झगमगीत संकेतस्थळ त्यांनी पाहिलं आणि आपलं पाहून त्यांना लाज वाटली. बाहेरगावच्या एका कंपनीला काम दिलं गेलं. कंपनीची माणसं नांदेडच्या थंडगार खोलीत तीन दिवस बसली. अहमदपूरच्या बाकावर त्यांच्यापैकी कुणी एकदाही बसलं नाही.

माझ्यावर त्यांची नजर पडली तेव्हा एकजण हसला. त्याच्या मते माझी भाषा गावंढळ होती. दुसऱ्याने माझ्यातले ‘नका’ मोजले आणि म्हणाला की हा नकारात्मक शब्द आहे, तो वाचून लोकांच्या मनात संस्थेबद्दल वाईट भावना तयार होते. माझे सगळे ‘नका’ गेले. त्यांच्यासोबत ‘तिखट लावू नका’ गेलं आणि ‘कुत्र्याचं पुढं काय होतं ते बघत बसू नका’ हेही गेलं.

मग मला वाढवलं. मजकूर आधी इंग्रजीत लिहिला गेला आणि यंत्राकडून मराठीत करून घेतला गेला. तो कुणी मोठ्याने वाचून पाहिला नाही. माझं नाव झालं ‘श्वानदंश व्यवस्थापन व प्रतिबंधात्मक उपचारपद्धती’. सुरुवातीला व्यंकटरावांचा फोटो आणि मनोगत आलं. मग संस्थेची वाटचाल. मग ‘नांदेड विभागातील अग्रगण्य श्वानदंश उपचार केंद्र’ हे शब्द सात वेळा, म्हणजे शोधणाऱ्याला मी आधी सापडावा. साबण आणि पाणी सहाव्या परिच्छेदात गेलं आणि त्याचं ‘साबणयुक्त प्रवाही जलाने क्षालन’ झालं. फोन नंबर चित्रात गेला. त्यावर बोट ठेवलं तरी घंटी वाजेना.

आणि माझ्या मध्यभागी, ठळक अक्षरांत, हे वाक्य आलं: ‘दंश करणाऱ्या श्वानाचे दहा दिवस निरीक्षण करण्यात यावे व त्यानुसार पुढील लसीकरणाबाबत निर्णय घेणे इष्ट ठरते.’

डॉक्टर हे वाक्य वाचतो तेव्हा त्याला कळतं, की पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी दिलेलंच आहे आणि प्रश्न फक्त त्यापुढच्या इंजेक्शनांचा आहे. पण मला वाचणारे डॉक्टर नव्हते.

विशाखाताईंना हे भीमाबाईंमुळे कळलं. भीमाबाईंच्या शेजारच्या बाईला कुत्रं चावलं, म्हणून त्यांनी मला उघडलं आणि गोंधळून फोन विशाखाताईंपुढे धरला. विशाखाताईंनी वर-खाली बोट फिरवलं. त्या वाक्यापाशी आल्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी लगेच रविकांतला फोन लावला. रविकांत म्हणाला की पासवर्ड आता कंपनीकडे आहे, त्याला एक कानाही बदलता येत नाही. मग विशाखाताईंनी अर्ज लिहिला, एक पानभर. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं, की हे वाक्य वाचून माणसं दहा दिवस थांबतील. अर्जाला उत्तर आलं नाही. त्या सुट्टी काढून नांदेडला गेल्या. व्यंकटरावांनी त्यांना चहा पाजला आणि म्हटलं, की तज्ज्ञांनी लिहिलंय, तुम्ही इंजेक्शनं बघा.

वर्षाच्या शेवटी संस्थेची बैठक झाली. कंपनीच्या माणसाने पडद्यावर माझा आलेख दाखवला. पूर्वी लोक या पानावर चाळीस सेकंद थांबत, आता साडेचार मिनिटं थांबतात, असं त्याने सांगितलं. टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेतून विशाखाताई उभ्या राहिल्या.

“साहेब, लोक थांबायले न्हाईत,” त्या म्हणाल्या. “अडकायलेत. त्यांना कळंना झालंय.”

दोघे-तिघे हसले. व्यंकटरावांनी हात करून त्यांना बसायला सांगितलं आणि पुढचा विषय घेतला. मला त्या दिवशी संस्थेचं मानचिन्ह मिळालं. ते कंपनीने नेलं.

आता मी सिंधुबाईंचं सांगतो. अहमदपूरपासून दीड तासाच्या वाटेवर त्यांचं गाव. किशनरावांची त्या बायको, आणि त्यांची मुलगी पुनम अहमदपूरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सोयाबीनची काढणी सुरू होती. सिंधुबाई सकाळी गिरणीवर दळण घेऊन गेल्या. गिरणीपाशी नेहमी बसणारं एक कुत्रं उठलं, काही कारण नसताना अंगावर आलं आणि त्यांच्या मनगटाला चावलं. दोन दात उमटले. रक्त फार नव्हतं.

किशनरावांनी खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला. दवाखान्यात जाऊन येऊ, असंच त्यांनी म्हटलं होतं. हे मी पुन्हा सांगतो, मित्रांनो, कारण नंतर पुष्कळ जण म्हणाले की खेड्यातली माणसं हयगय करतात. त्यांनी हयगय केली नाही. ते निघाले होते. पुनम म्हणाली, थांबा, काय करायचं ते आधी बघते. आणि तिने मला उघडलं.

व्यंकटरावांचा फोटो उतरायला वेळ लागला. पुनमने मनोगत ओलांडलं, वाटचाल ओलांडली. घाबरलेला माणूस ओळीने वाचत नाही. त्याची नजर ठळक अक्षर शोधते. तिची नजर माझ्या मध्यभागी येऊन थांबली. तिने ते वाक्य बापाला मोठ्याने वाचून दाखवलं, एकदा नाही, दोनदा. मग अर्थ सांगितला, की कुत्र्याकडे दहा दिवस लक्ष ठेवायचं आणि मग इंजेक्शनाचं ठरवायचं, नांदेडच्या मोठ्या दवाखान्यानंच असं सांगितलंय. तिने माझा कोपरा न् कोपरा वाचला असता तर सहाव्या परिच्छेदात तिला साबण सापडला असता. तिने आईचं मनगट पाण्याने धुतलं आणि हळद लावली. किशनरावांनी सदरा पुन्हा खुंटीला अडकवला.

त्यांनी मी सांगितलं तसंच केलं. किशनराव रोज गिरणीवर जाऊन कुत्रं बघून यायचे. चार दिवस ते तिथेच होतं. पाचव्या दिवशी ते दिसलं नाही. शेजारच्या शिवारात गेलं असेल, असं कुणीतरी म्हणालं. दहावा दिवस आला तेव्हा कुत्र्याचा पत्ता नव्हता, सिंधुबाईंचं मनगट भरून आलं होतं आणि त्या स्वतः मळणी यंत्रापाशी उभ्या होत्या. कुत्रं दिसलंच नाही तर काय करायचं, हे माझ्यावर कुठे लिहिलं नव्हतं. पुनमने मला पुन्हा उघडलं होतं. चार मिनिटं ती शोधत राहिली. तिची ती चार मिनिटंही पुढे कुणाच्या तरी आलेखात चढली असतील.

सात आठवड्यांनी सिंधुबाईंच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग ताप आला. किशनराव आणि पुनम त्यांना अहमदपूरच्या उपकेंद्रात घेऊन आले. विशाखाताईंनी त्यांना बाकावर बसवलं आणि भीमाबाईंनी पाण्याचा गिलास आणून दिला. सिंधुबाईंनी गिलास ओठांपर्यंत नेला आणि त्यांचा गळा आवळला गेला. गिलास खाली पडला. विशाखाताईंनी काहीही न विचारता वरचा पंखा बंद केला. त्यांना कळलं होतं, हा रेबीज आहे आणि त्यात पाण्यासारखा वाराही सोसत नाही. मग त्यांनी हलक्या आवाजात कुत्र्याचं विचारलं.

सिंधुबाईंना त्याच दुपारी गाडीने नांदेडला हलवलं. या आजाराची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही. चौथ्या दिवशी त्या गेल्या. वय एक्केचाळीस होतं.

तेरावा झाल्यावर पुनम एकटीच उपकेंद्रात आली. तिने फोनवर मला उघडून विशाखाताईंसमोर धरलं.

“मॅडम, माझं वाचायचं चुकलं का?” तिने विचारलं. “मला मराठीत ब्याऐंशी मार्क हायेत.”

विशाखाताईंना ते वाक्य पाठ होतं. तरी त्यांनी ते पुन्हा वाचलं.

“तू बरोबरच वाचलंस, बाळा,” त्या म्हणाल्या. “लिहिलंच तसं हाय.”

त्यावर पुनम रडली नाही. ती म्हणाली, मग हे अजून इथंच कसं काय. एक अर्ज, एक नांदेडची फेरी आणि बैठकीतलं एक वाक्य यावर आपण थांबलो, हे विशाखाताईंना आत कुठेतरी टोचत होतं. ते त्यांनी भीमाबाईंना सांगितलं, पुनमला नाही. पुनमचं ओझं आणखी वाढवावं असं त्यांना वाटलं नाही.

त्यांनी दुसरा अर्ज लिहिला. या वेळी त्यात सिंधुबाईंचं नाव होतं, तारखा होत्या, आणि माझं जुनं आणि नवं रूप शेजारी शेजारी लावलेलं होतं. तो घेऊन त्या पुन्हा नांदेडला गेल्या. व्यंकटरावांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना वाईट वाटलं, मित्रांनो, हे मी त्यांच्याच टेबलावरच्या पडद्यातून पाहिलं. मग त्यांनी संस्थेच्या वकिलांना बोलावून घेतलं.

वकिलांनी मला वाचलं. वाक्य बदलू नका, असं त्यांनी सांगितलं. आत्ता बदललं तर आपली चूक होती, हे लेखी कबूल केल्यासारखं होईल. त्याऐवजी त्यांनी माझ्या तळाशी एक ओळ घालायला लावली. बारीक, राखाडी अक्षरांत: ‘सदर माहितीच्या आधारे घेतलेल्या कोणत्याही निर्णयास संस्था जबाबदार राहणार नाही.’ आठ वर्षांत माझ्यावर इतक्या तातडीने काही लिहिलं गेलं नव्हतं. कंपनीने ते एका तासात केलं.

रविकांत त्या वेळी खोलीतच होता. माझं जुनं रूप त्याच्या संगणकात अजून जपून ठेवलेलं होतं. तो खाली मान घालून बाहेर गेला. महिन्याभरात विशाखाताईंची बदली उमरीच्या उपकेंद्रात झाली. आदेशात कारण ‘प्रशासकीय’ असं लिहिलं होतं. त्या गेल्या. घर चालवायचं होतं, नोकरी सोडता येत नव्हती. तिथे त्या आलेल्या प्रत्येकाला तोंडी सांगतात. पण जो दवाखान्यापर्यंत आला, त्याला सांगणं सोपं असतं. जो घरीच सदरा खुंटीला अडकवून बसला, त्याच्यापर्यंत फक्त मी पोहोचतो.

पुनमने कॉलेज सोडलेलं नाही. पण वर्गात सरांनी उतारा वाचायला सांगितला, की ती उभी राहते आणि वाचत नाही. सर आता तिला सांगत नाहीत.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे लिहिणारं होईल. कुणी दवाखान्यासाठी लिहील, कुणी शाळेसाठी, कुणी सरकारी कचेरीसाठी. तुम्हाला वाटेल, ही तर नुसती माहिती आहे, कशीही लिहिली तरी चालते. तेव्हा एवढं करा. लिहून झालं की ते पान आधी अशा माणसाच्या हातात द्या, ज्याला त्याची खरोखर गरज आहे. तो मोठ्याने वाचत असताना मधे बोलू नका. तो अडखळला तर त्याच्या शिक्षणाला नावं ठेवू नका, तुमचा शब्द बदला. सगळ्यात महत्त्वाचं आहे ते सगळ्यात वर लिहा. जिथे ‘नका’ म्हणायला हवं तिथे ‘नका’च म्हणा. आणि चूक झाली असं कुणी दाखवलं, तर आधी ती पुसा, अब्रूचं नंतर बघा.

मला हात नाहीत. असते तर मी माझ्या मधलं ते एक वाक्य नखाने खरवडून काढलं असतं. आज सकाळपासून मला अकरा जणांनी उघडलं आहे. ते वाक्य तिथेच आहे, ठळक अक्षरांत.